आधी काय गेलं, ते लिहून घ्या

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहते, मोहोळ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. रोजचं जाणं-येणं एसटीने जमेना म्हणून नोव्हेंबरात होटगी रोडवरच्या एका डीलरकडून २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, ३ लाख ८५ हजारांना. डीलर माझ्या दिरांच्या ओळखीतला. त्याने वॉरंटीचं कार्ड दिलं, त्याचा फोटो सोबत पाठवतेय. एप्रिलच्या शेवटी सकाळची शाळा सुटल्यावर घरी येत होते. मोहोळ सोडल्यावर तापमानाचा लाल दिवा लागला. एसी बंद केला आणि गाडी हळूहळू सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत आणली. तिथे बोनेटमधून वाफ यायला लागली आणि इंजिन बंद पडलं. टो करून आणली. गॅरेजवाल्याने बाहेरून पाहून सांगितलं, वॉटर पंप गळतोय, हेड गॅस्केट उडालंय, हेड उतरवावं लागेल, खर्च ४० हजारांच्या पुढे जाईल. डीलर म्हणतो, वॉटर पंप हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत येत नाही. ओव्हरहीटिंगचं नुकसान कार्डावरच वगळलंय. शिवाय जानेवारीत तुम्ही सर्व्हिस बाहेर करून घेतली, तिथेच वॉरंटी संपली. ‘घरचे आहात म्हणून’ ५ हजार देतो म्हणतोय. मिस्टर म्हणतात घे आणि विषय संपव. भाऊ म्हणतो केस कर. मधल्या मध्ये दिरांची पंचाईत झालीय. वॉरंटीत खरंच काही बसत नाही का? आणि गाडी अशी किती दिवस उभी ठेवू?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर:

ताई, पुढचं वाचण्याआधी गॅरेजला फोन करा आणि सांगा, मी कळवेपर्यंत हेडला हात लावायचा नाही. (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग; हेड गॅस्केट म्हणजे तो आणि खालचं इंजिन यांच्यामधली, गळती रोखणारी पातळ चकती.) गॅरेजवाल्याला जागा मोकळी करायची घाई असणार, ते साहजिक आहे. पण एकदा हेड उतरलं, जुनं गॅस्केट भंगारात गेलं, पंप बदलला आणि इंजिन धुऊन स्वच्छ झालं, की तुमच्या बाजूने बोलणारं काही उरत नाही. मग डीलर म्हणेल तेच खरं. वापरलेल्या गाडीच्या वॉरंटीवरून माणसं भांडतात ती कार्डावरच्या शब्दांवरून, पण हरतात ती बहुतेक वेळा गाडी आधी दुरुस्त झाली आणि कारण नंतर शोधायला गेले, म्हणून.

तुमचा सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबतो. आधी काय गेलं, आणि कशामुळे? पंप गळला, कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव) संपलं, इंजिन तापलं, हेड वाकलं आणि गॅस्केट उडालं, असा क्रम असू शकतो. किंवा गॅस्केट आधीपासूनच थोडं थोडं सोडत असेल, सिलिंडरमधला दाब कूलंटच्या वाटेत घुसून पाणी बाहेर फेकत असेल, आणि पंपाची गळती हे वेगळंच दुखणं असेल. पहिला क्रम असेल तर डीलरला बोलायला थोडी जागा आहे. दुसरा असेल तर जवळपास नाहीच, कारण हेड गॅस्केट हा इंजिनाचाच भाग आणि इंजिनाची वॉरंटी त्याने स्वतःच्या सहीशिक्क्याने दिलीय. हा क्रम बाहेरून बघून कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. तुमचा मेकॅनिक नाही, आणि गाडी न बघताच निकाल देऊन मोकळा झालेला डीलर तर मुळीच नाही.

म्हणून तपासणी करून घ्या, आणि ती लेखी घ्या. तुमच्या गाडीच्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर सोलापुरात असेल तर तिथे, नाहीतर विम्याच्या दाव्यांची पाहणी करणारे परवानाधारक मोटार सर्व्हेअर शहरात आहेत, त्यांच्यापैकी एकाकडून. थोडे पैसे जातील, पण त्या कागदाला वजन असतं. डीलरला दिवस आणि वेळ व्हॉट्सअॅपवर कळवून बोलवा. आला तर त्याच्या डोळ्यांदेखत होईल. नाही आला तर बोलावूनही आला नाही, हे त्या मेसेजवरून कुणालाही दिसेल.

तपासणाऱ्याला काय पाहायला सांगायचं, ते जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं इथेच ठरणार आहे. वॉटर पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. आतलं सील जायला लागलं की कूलंट त्या भोकातून झिरपतं. मालकाला वेळेत कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. काही गाड्यांत ते दिसायला वरचं कव्हर काढावं लागतं, तेवढं काढू द्या. तिथे टॉर्च मारून जवळून फोटो घ्या. भोकाखाली कूलंट वाळून पांढरट-हिरवट पापुद्रे धरले असतील, थरावर थर चढलेला असेल, तर ती गळती एप्रिलची नाही, बरीच जुनी आहे, कदाचित तुम्ही गाडी घेतली त्याच्याही आधीची. उलट पंप स्वच्छ आणि एकच ताजा ओघळ असेल तर ती अलीकडची. मग इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत काय आहे ते बघा. रंगीत कूलंट आहे, की गंजाचं तांबूस पाणी? आत चिकट तपकिरी राळ दिसली तर कुणीतरी गळती बुजवायची पावडर ओतलेली असू शकते. गाडी विकायच्या आधी हा उपाय सर्रास केला जातो. ऑइलची पट्टी काढून ऑइल पांढुरकं झालंय का तेही पाहा. झालं असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. कूलिंग सिस्टिमला दाब देऊन गळती कुठून होते ते पाहता येतं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजता येतं, आणि इंजिन सुरू होत असेल तर कूलंटमध्ये जळका वायू मिसळतोय का हे रंग बदलणाऱ्या द्रवाने तपासता येतं. वायू असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. हेड नंतर उतरवलं जाईल तेव्हा त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ते किती वाकलंय तो आकडा गॅरेजच्या जॉब कार्डावर लिहून घ्या.

आणखी एक काम याच आठवड्यात करा. गाडीचा नंबर आणि आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि जुन्या सर्व्हिसची नोंद मागा. आता मालक तुम्ही आहात. आधीच्या मालकाच्या काळात गाडी तापल्याची तक्रार, रेडिएटर किंवा हेडचं काम, किंवा मीटरवर न जुळणारे किलोमीटर, यातलं काहीही निघालं तर डीलरचा सूर एका दिवसात बदलतो.

आता कार्ड. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चार ओळी कामाच्या आहेत: ‘इंजिन व गिअरबॉक्स १ वर्ष किंवा १५,००० किमी’, ‘झिजणारे भाग (ब्रेक, क्लच, बॅटरी, टायर इ.) वगळून’, ‘ओव्हरहीटिंगमुळे झालेले नुकसान वगळून’, आणि ‘सर्व्हिस आमच्याकडेच करणे बंधनकारक’.

डीलरचा पहिला मुद्दा त्या ‘इ.’ वर उभा आहे. वॉटर पंप त्यात बसतो, असं त्याचं म्हणणं. पण कंसातली नावं बघा. ब्रेक, क्लच, बॅटरी, टायर: सगळ्या चालवणाऱ्याच्या वापराने संपणाऱ्या, गाडीच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा बदलाव्या लागणाऱ्या वस्तू. यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ आलं की त्याच जातीच्या वस्तू धरायच्या, वाटेल ती नाही, ही कागद वाचण्याची जुनी कायदेशीर रीत आहे. आणि शब्द संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचला जातो. कार्ड त्याने छापलंय, तुम्ही नाही. त्याला पंप वगळायचा होता तर तसं एका शब्दात लिहिता आलं असतं. पण खरं तेही सांगतो: आठेक वर्षं वापरलेल्या गाडीत पंपाचं सील जाणं ही काही आश्चर्याची गोष्ट नाही आणि डीलरच्या बोलण्यात तेवढ्यापुरतं तथ्य आहे. नुसता पंप गेला असता तर त्या खर्चासाठी मी तुम्हाला भांडायला सांगितलं नसतं.

दुसरा मुद्दा जड वाटतो, पण तोच सगळ्यात कच्चा आहे. पेट्रोल इंजिनचं हेड वाकणं, गॅस्केट उडणं, पिस्टन जाम होणं यातल्या मोठ्या हिश्श्याच्या मुळाशी उष्णताच असते. तापण्यामुळे झालेलं सगळंच वगळलं तर इंजिनच्या वॉरंटीत उरलं काय? पहिल्या ओळीत जे दिलं ते तिसऱ्या ओळीत पूर्ण काढून घेतलं, असा अर्थ कोर्ट सहसा मान्य करत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका विम्याच्या प्रकरणात म्हटलंय की मूळ कराराचाच पाया काढून घेणारी वगळणीची अट लागू करता येत नाही. आणि वगळणीचा आधार जो घेतो, त्यानेच ती लागू होते हे सिद्ध करायचं, हेही विम्याच्या वादांत पक्कं झालंय. वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, पण ग्राहक आयोगापुढे हा विचार तुमच्या बाजूने मांडता येतो. ती ओळ वाचायचीच तर अशी वाचावी लागेल की, चालवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे गाडी तापली आणि नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही.

आणि इथेच तुमची बाजू दुबळी आहे, ताई. लाल दिवा लागल्यावर तुम्ही गाडी सावळेश्वरपर्यंत आणली. डीलरचा वकील याच्यावरच बोट ठेवणार. हे लपवू नका. पत्रात, तक्रारीत, सर्व्हेअरपुढे जसं घडलं तसंच सांगा. टोलनाक्यावरचा फास्टॅगचा मेसेज, टो गाडीच्या पावतीवरची वेळ यांतून ते बाहेर येईलच, आणि एका ठिकाणी खोटं निघालं तर बाकीच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. पण संदर्भही सांगा. तुमच्या गाडीत तापमानाची सुई आहे की नुसता दिवा, ते लिहा. बऱ्याच छोट्या गाड्यांत सुई नसते, आणि लाल दिवा लागतो तेव्हा इंजिन आधीच मर्यादेपलीकडे तापलेलं असतं. कूलंट साफ संपलं असेल तर सेन्सर द्रवाबाहेर पडतो आणि चुकीचं तापमान दाखवतो, म्हणजे दिवा उशिराही लागू शकतो. एप्रिलची दुपार, हायवे, बाई एकटी, आसपास सावली नाही: तुम्ही एसी बंद करून हळू चालवलंत, हे लिहायला संकोच करू नका. एवढ्या अंतरामुळे नुकसान वाढलं असेल, तर त्या वाढीपुरता वाटा तुमच्याकडे येईल. पण गळणारा पंप किंवा कमजोर गॅस्केट काही त्या रस्त्यावर तयार झालं नाही.

तिसरा मुद्दा, बाहेरच्या सर्व्हिसचा. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला. त्या आदेशात असंही बजावलं की ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी होता, तुमचा डीलर त्यात थेट येत नाही. तरी जी अट मोठ्या कंपन्यांना चालली नाही ती होटगी रोडवरच्या दुकानाला का चालावी, हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे विचारण्यासारखा आहे. पण त्याआधी जानेवारीचं बिल काढा आणि त्यात कूलंट लिहिलंय का ते बघा. आपल्याकडे गाडी गॅरेजला लागली की रेडिएटरमध्ये कमी दिसतंय म्हणून बोअरचं नाहीतर नळाचं पाणी ओतायची सवय आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आत बसतात, गंज धरतो, पंपाच्या सीललाही ते बाधतं. तसं काही झालं असेल तर डीलरला एक खरा मुद्दा मिळतो. बिलावर कूलंट आणि ऑइलचा प्रकार लिहिलेला असेल तर त्याचा हा मुद्दा तिथेच पडतो. यापुढे बिल हातात घेताना ते वाचत चला. नुसतं ‘जनरल सर्व्हिस’ लिहिलेल्या चिठ्ठीचा उपयोग नाही.

कार्डाच्या बाहेरही एक जग आहे, आणि डीलर लोक ते सांगत नाहीत. मालविक्रीचा १९३० चा कायदा म्हणतो की विकणारा त्याच मालाचा धंदा करत असेल तर माल विकण्याजोग्या दर्जाचा असायला हवा, कार्डावर लिहिलेलं असो वा नसो. घेणाऱ्याने माल तपासला असेल तर तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल नंतर बोलता येत नाही. डिलिव्हरी नोटवर ‘गाडी पाहून, चालवून, आहे त्या स्थितीत समाधानाने घेतली’ ही ओळ बहुतेक असेलच, आणि तुम्ही सही केली असेल. घाबरू नका. टायरची नक्षी झिजलेली, दाराला पोचा पडलेला, हे तुम्हाला दिसायला हवं होतं. पंपाच्या भोकाखालचे पापुद्रे एका शिक्षिकेला पाहणीत दिसले पाहिजेत, असं कोणी म्हणणार नाही. वर त्याने स्वतःच इंजिनची वॉरंटी दिलीय; एका हाताने ‘आहे त्या स्थितीत’ आणि दुसऱ्या हाताने ‘एक वर्ष’ असं दोन्ही चालत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आणखी एक कामाची तरतूद आहे. मालाची पुरेशी, योग्य तपासणी न करता त्याच्या टिकण्याची किंवा चालण्याची हमी लोकांना देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते, आणि तपासणी केली होती असं म्हणणाऱ्यानेच ती केल्याचं दाखवायचं असतं. तेव्हा डीलरला लेखी विचारा: गाडी विकण्याआधी कूलिंग सिस्टिम कधी तपासली, कोणी तपासली, कागद द्या. दुकानाची जाहिरात, इन्स्टाग्रामवरची रील, ‘सर्टिफाइड’ किंवा ‘फुल चेक केलेली’ असं लिहिलेला मेसेज, जे असेल त्याचे आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा. नोटीस गेली की असल्या गोष्टी गायब होतात. मूळ चॅट मात्र डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

अजून एक पळवाट आत्ताच बंद करून टाका. पुष्कळ डीलर आयत्या वेळी म्हणतात, मी फक्त मध्यस्थ, गाडी तर मूळ मालकाने तुम्हाला विकली, आरसीवर बघा. आरसीवर खरोखरच पहिल्या मालकाकडून थेट तुमच्या नावावर ट्रान्सफर दिसेल. पण पैसे कोणाच्या खात्यात गेले, पावती कोणाची, कार्डावर शिक्का कोणाचा? हे तिन्ही कागद एकत्र ठेवा. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून मोटार वाहन नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून तसं कळवायचं असतं. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर येते. तुमच्या डीलरकडे असं अधिकारपत्र आहे का, हेही पत्रात विचारा. नसेल तर तो मोकळेपणाने उत्तर देऊ शकणार नाही, आणि तडजोडीला लवकर बसेल. कार्डावर एखाद्या वेगळ्या वॉरंटी कंपनीचंही नाव असेल तर पत्र दोघांनाही पाठवा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

मोटार विम्याबद्दल कोणी सुचवलं असेल तर त्यात वेळ घालवू नका. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही.

आता दिरांचं. त्यांची पंचाईत मला समजते. आपल्या गावात एका ओळखीवर दहा कामं होतात आणि एक बिघडलं की लग्नाकार्यात तोंडं फिरतात. पण ५ हजारांवर गप्प बसून ओळख टिकत नाही. तुमच्या मनात ते राहतंच, आणि दिरांसमोर दर वेळी उगाळलं जातं. त्यांना या भांडणात मध्यस्थ करू नका. त्यांना सांगा, भावजी, तुम्ही फक्त एकदा त्यांना माझ्यासोबत बसवा, बोलणं मी करते. त्या बैठकीला सर्व्हेअरचा कागद घेऊन जा, रिकाम्या हाताने नको.

आणि तिथे मागायचं काय? माझं मत विचाराल तर हेडचं फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), गॅस्केट किट आणि त्याची मजुरी डीलरने द्यावी. पंप, कूलंट, ऑइल आणि फिल्टर तुम्ही घ्या. जुन्या गाडीत नवे भाग पडले की थोडा फायदा तुमचाही होतो, आणि सावळेश्वरपर्यंतचा तो प्रवास तुमच्या बाजूने बोलत नाही. तपासणीत जुने पापुद्रे किंवा बुजवायची पावडर सापडली तर मात्र पंपासकट सगळं मागा, टो गाडीचं भाडंही. तिथे मी एक रुपया सोडणार नाही, कारण मग ते दुखणं माहीत असताना तुमच्या गळ्यात मारलेलं असू शकतं. जे ठरेल ते कागदावर, तारखेसह, दोघांच्या सह्यांनी. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं त्याने लिहून आणलं तर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नका. आणि त्याचे ते ५ हजार यूपीआयवर परस्पर आले, तर लगेच मेसेज करा की ही रक्कम अंतिम म्हणून मान्य नाही.

बैठक फिसकटली तर स्पीड पोस्टने पत्र पाठवा, पोच घ्या. वकिलाचंच लागतं असं नाही. घडलेलं तारखेवार, कार्डाची प्रत, तपासणीचा अहवाल, एस्टिमेट, आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढं पुरे. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नुसत्या तिथल्या विचारणेनेही काही वाद मिटतात. त्यानंतर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे उद्या तुमचा एखादा सहकारी पुण्याहून गाडी घेऊन आला तरी त्याला तिकडे खेटे घालावे लागणार नाहीत. तक्रारीच्या फीसाठी मोजली जाते ती तुम्ही दिलेली किंमत, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मुदत दोन वर्षं, म्हणून घाई नाही, पण विसरूही नका. कायदा सांगतो की साधारण तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मनाशी धरूनच उतरा. भावाला सांगा, केस नंतरही करता येईल; पुरावा मात्र याच आठवड्यात मिळेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. गाडी वर्षभर उभी ठेवायची गरज नाही, आणि तसं करूही नका. नुकसान वाढू न देणं हीसुद्धा तुमचीच जबाबदारी मानली जाते. उभी आहे तोवर बॅटरीची तार काढून ठेवा. तपासणी झाली, फोटो निघाले, पत्रातली मुदत उलटली, की डीलरला एक मेसेज टाका: अमुक तारखेला काम सुरू करतेय, बघायचं असेल तर या. मग हेड उतरवायला सांगा. उतरवतानाचा व्हिडिओ घ्या, मोडलेलं गॅस्केट, पंप आणि बदललेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, वर तारीख लिहून घरी आणा. आयोगाने तपासायला मागितले तर तेच द्यायचे आहेत. बिल जीएसटी क्रमांकासह, तुमच्या नावावर, गाडीच्या नंबरासकट, भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेलं घ्या. त्यात वॉटर पंप वेगळ्या ओळीवर आहे ना, ते पैसे देण्याआधी बघा.